‘कर नाही त्याला डर कशाला’ हे फोनच्या नोंदींबाबत खरे आहे का?

प्रश्न : पारिजात, पुणे

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मोबाइल कंपन्यांना असा आदेश दिला होता की, यापुढे देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप आधीपासूनच असले पाहिजे आणि ग्राहकाला त्याची कार्ये बंद करता येता कामा नयेत. त्यावर बराच गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. ॲपच्या उपयुक्ततेबद्दल माझे काही म्हणणे नाही. हरवलेला फोन बंद करणे किंवा आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे तपासणे या चांगल्याच सोयी आहेत. माझा आक्षेप सक्तीला होता.

तेव्हापासून आमच्या घरात एक वाद चालू आहे. माझे थोरले बंधू बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि आयुष्यभर सचोटीने वागले आहेत. ते म्हणतात, कर नाही त्याला डर कशाला? सरकारने माझा फोन पाहिला तर पाहू दे, त्यात आहे काय? मला त्यांचे म्हणणे पटत नाही, परंतु ते का पटत नाही हे नीट मांडताही येत नाही. जाणकारांनी थोडे सविस्तर सांगावे अशी विनंती आहे. आपल्या फोनबद्दल सरकारला आज कायद्याने काय काय मिळू शकते? त्यासाठी कोणाची परवानगी लागते? आणि अशी माहिती घेतली गेली, तर ती घेतली गेल्याचे आपल्याला कधी तरी कळते का?

उत्तर : ओसरी, नाशिक

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सुट्या कराव्या लागतील. फोनवरचे बोलणे ऐकणे, म्हणजे टॅपिंग, ही एक गोष्ट; आणि कोणी कोणाला कधी, कुठून, किती वेळ फोन केला याच्या नोंदी मिळवणे, ज्याला पोलीस ठाण्यात ‘सीडीआर काढणे’ म्हणतात, ही दुसरी. लोकांना भीती पहिलीची वाटते. माझ्या अनुभवात सामान्य माणसाशी संबंध येतो तो दुसरीचा.

दोषारोपपत्राला जोडलेला सीडीआर दिसायला अगदी साधा असतो. एक्सेलचा लांबलचक तक्ता. फोन करणाऱ्याचा क्रमांक, घेणाऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ, सेकंदांत कालावधी, हँडसेटचा आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यांत संभाषण सुरू होताना व संपताना फोन ज्या टॉवरला जोडलेला होता त्याचा सेल आयडी. बोलण्याचा एक शब्दही त्यात नसतो. परंतु असा दोन-तीन महिन्यांचा तक्ता समोर ठेवून बसले की तो माणूस किती वाजता घराबाहेर पडतो, रात्री कोणत्या टॉवरखाली झोपतो, कोणाशी रोज बोलतो, कोणाशी बोलणे अचानक बंद झाले, एकामागून एक तीन फोन कर्करोगाच्या रुग्णालयात का गेले, हे सारे वाचता येते. पोस्टमनने पत्र न फोडता फक्त कोणाचे पत्र कोणाकडे आले एवढेच वर्षानुवर्षे वहीत टिपत राहावे, तसे हे आहे. ती वही हाती आली की पत्रे वाचण्याची गरजच फारशी उरत नाही.

या नोंदी दूरसंचार कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपून ठेवल्या पाहिजेत असे परवान्याच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्ये ठरले. त्याआधी ही मुदत एक वर्षाची होती. इंटरनेट वापराच्या नोंदींनाही, ज्यांना आयपीडीआर म्हणतात, तीच मुदत आहे. त्या मागवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ प्रमाणे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ प्रमाणे, लेखी मागणी पुरते. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच ती जावी असे प्रशासकीय निर्देश आहेत. न्यायाधीशाची परवानगी लागत नाही.

टॅपिंगला तुलनेने अधिक बंधने आहेत. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याचे कलम ५(२) आणि आता त्याच्या जागी आलेले दूरसंचार कायदा २०२३चे कलम २०(२) यांत ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ही पहिली अट आहे. त्यानंतर देशाची सुरक्षा, सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी रोखणे अशी ठरावीक कारणे आहेत. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये जो निकाल दिला, त्यातून आजची कार्यपद्धती आली. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांनी आदेश द्यावा. तो साठ दिवस चालावा, मुदतवाढ धरून एकशे ऐंशी दिवसांपलीकडे जाऊ नये. आणि एका आढावा समितीने दर दोन महिन्यांनी ते आदेश तपासावेत. डिसेंबर २०२४च्या नव्या नियमांतही हाच सांगाडा कायम आहे. त्या निकालात न्यायालयाने न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र बंधनकारक केली नाही, कारण कायद्यात तशी तरतूद नव्हती. त्यामुळे आदेश देणारे सचिव, आणि तो तपासणाऱ्या समितीत मुख्य सचिव, विधी विभागाचे सचिव व आणखी एक सचिव. सगळे एकाच शासनातले. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८च्या आपल्या अहवालात, माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांच्या आधारे, केंद्राच्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासण्याचे अशक्यप्राय काम असते असे नोंदवले होते. एका आदेशाला एक मिनिट दिले तरी हे अडीचशे ते तीनशे तासांचे काम झाले. अशी तपासणी कागदावरच राहणार, हे सांगायला वकील लागत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच मुळाशी आहे. कळते का? नाही. नियमांत संबंधित व्यक्तीला नंतरही कळवण्याची तरतूद नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या प्रकरणात टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. लाचखोरीचा आरोप गंभीर असला तरी तेवढ्याने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न निर्माण होत नाही, असे सांगून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. ते आदेश २००९ आणि २०१० सालातले होते. अर्जदाराला ते आव्हान देता आले याचे कारण एवढेच की त्याच्यावर खटला उभा राहिला आणि कागदपत्रे हाती आली. ज्याचे बोलणे ऐकले गेले, त्यात काहीच सापडले नाही आणि म्हणून ज्याच्यावर खटलाच झाला नाही, त्याला न्यायालयाचा दरवाजा कोणता हेही कळणार नाही. म्हणजे आजच्या व्यवस्थेत दाद मागण्याची संधी आरोपीला आहे आणि निर्दोष माणसाला नाही. तुमच्या बंधूंना हे जरूर सांगा. ‘कर नाही’ अशाच माणसाकडे या व्यवस्थेत कोणताही उपाय नाही.

इतरत्र हे जमवलेले आहे. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानुसार गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि ऐकणे संपल्यावर साधारणपणे नव्वद दिवसांत संबंधिताला कळवावे लागते. ब्रिटनमध्ये २०१६च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीबरोबर न्यायिक आयुक्ताची मान्यता आवश्यक केली. आपल्याकडेही आधारच्या बाबतीत हा विचार झाला आहे: आधारमधील ओळखीची माहिती उघड करायची तर, २०१९च्या दुरुस्तीनंतर, किमान उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा आदेश लागतो. माझे नाव-पत्ता उघड करायला उच्च न्यायालय लागते आणि माझे दोन वर्षांचे येणे-जाणे उघड करायला एक पत्र पुरते, ही विसंगती मला तरी समर्थनीय वाटत नाही.

उत्तर : तरंग, ठाणे

ओसरी यांनी कायदा सांगितला, मी यंत्राची बाजू सांगतो. माझी सारी नोकरी दूरसंचार क्षेत्रात झाली.

टॉवरवरून ठिकाण कळते म्हणजे नेमके किती कळते, याबद्दल गैरसमज फार आहेत. दाट वस्तीच्या शहरात एकेका सेलचा पल्ला काहीशे मीटरचा असतो. गावाकडे तो कित्येक किलोमीटर असू शकतो. शिवाय फोन नेहमी सर्वांत जवळच्याच टॉवरला जोडला जातो असे नाही. गर्दी, उंच इमारती, डोंगर, खाडीचे पाणी यांमुळे पलीकडच्या काठावरचा टॉवरही तो पकडतो. त्यामुळे ‘अमुक टॉवरखाली होता’ या नोंदीचा अर्थ ‘अमुक घरात होता’ असा लावणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे. ‘टॉवर डंप’ मागवला जातो, तेव्हा त्या टॉवरखाली ठरावीक वेळात असलेल्या सगळ्या क्रमांकांची यादी जाते. एस.टी. स्थानकाशेजारच्या टॉवरचा एका तासाचा डंप म्हणजे बसची वाट पाहणारी हजारो माणसे. त्यांपैकी एकाचा शोध असतो आणि बाकी सर्वांचे क्रमांक तपासाच्या संगणकात राहतात. ते पुढे केव्हा पुसले जातात याचा हिशेब त्या हजारोंपैकी कोणालाही मिळत नाही.

टॅपिंगमध्येही एक बदल झाला आहे, त्याची चर्चा पुरेशी होत नाही. पूर्वी प्रत्येक आदेश कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी येत असे. सही, शिक्का, मुदत पाहूनच तो पुढे काम करीत असे. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने विकसित केलेल्या केंद्रीकृत देखरेख प्रणालीचा, म्हणजे सीएमएसचा, उद्देशच हा की ही प्रक्रिया स्वयंचलित व्हावी आणि कंपनीच्या माणसांचा हात मध्ये लागू नये. गुप्तता वाढते हे खरे. परंतु सदोष आदेश परत पाठवू शकणारा एक बाहेरचा माणूस साखळीतून गेला, हेही तितकेच खरे आहे.

व्हॉट्सॲपचा मजकूर २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो. मधल्या वाटेवर तो वाचता येत नाही. मात्र फोन जप्त झाला आणि उघडला की ते कुलूप निरुपयोगी ठरते. गुगल ड्राइव्हवर जाणारी चॅटची प्रत मूळ स्थितीत तशी कुलूपबंद नसते. २०२१ पासून ती तशी करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे आणि ती प्रत्येकाने आजच चालू करावी. पेगासससारखे हेरगिरीचे तंत्र मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. ते महागडे असते आणि निवडक व्यक्तींवर वापरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, त्यांपैकी पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, परंतु ते पेगाससच होते असे निश्चित सांगता आले नाही. आणि तपासाला केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे समितीचे म्हणणे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या न्यायालयात वाचून दाखवले. शिक्षक, दुकानदार, गृहिणी यांनी पेगाससच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. त्यांच्या बाबतीत प्रश्न सीडीआरचा, फास्टॅगचा आणि चौकातल्या कॅमेऱ्याचा आहे, कारण या नोंदी कोणावरही संशय नसताना सर्वांच्याच जमा होत असतात.

उत्तर : गस्त, कोल्हापूर

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु तपासाची बाजू त्यांत आलेली नाही, म्हणून लिहितो.

अल्पवयीन मुलगी बेपत्ता झाल्याची फिर्याद रात्री अकराला येते. तिच्या फोनचे शेवटचे लोकेशन, शेवटचे पाच क्रमांक, आणि त्या क्रमांकांचे आताचे लोकेशन, एवढे पहाटेपर्यंत हाती आले तर तिला परराज्यात नेण्याआधी नाकाबंदी लावता येते. स्थानिक गुन्हे शाखेतली मुले रात्रभर सायबर सेलच्या टेबलाशी बसून असतात ती याचसाठी. अशा वेळी आधी न्यायाधीशांकडे अर्ज करा, सुनावणी होऊ द्या, असे म्हटले तर त्या मुलीच्या आईला आम्ही काय सांगायचे? साखळीचोरी, घरफोडी, खून यांतले कितीतरी गुन्हे आज सीडीआर नसता तर उघडकीस आलेच नसते. आणि त्याच सीडीआरने निरपराध माणूस सुटल्याचेही मी पाहिले आहे. गुन्ह्याच्या वेळी तो शंभर किलोमीटर दूर होता हे नोंदीवरून दिसले आणि आम्ही त्याचे नाव वगळले.

गैरवापर होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच सीडीआर बेकायदा मिळवून विकणारी साखळी उघडकीस आणली होती आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. नवरा-बायकोच्या भांडणात, धंद्यातल्या वैरात लोक अशा नोंदींसाठी पैसे मोजत होते. खात्यातल्या शिस्तीच्या माणसाला याची लाज वाटते. कोणी, कोणत्या गुन्हा क्रमांकात, कोणाच्या सहीने सीडीआर मागवला याचे रजिस्टर कडक असावे आणि ते बाहेरच्या अधिकाऱ्याने तपासावे, याला माझा पाठिंबा आहे. परंतु आधी परवानगी, मग तपास, हा क्रम मला व्यवहार्य वाटत नाही.

प्रतिउत्तर : ओसरी, नाशिक

गस्त साहेबांचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु यावरचा उपाय टॅपिंगच्या नियमांतच आहे. तातडीच्या प्रसंगी सक्षम अधिकाऱ्याने ऐकणे सुरू करावे आणि सात कामकाजाच्या दिवसांत गृह सचिवांची पुष्टी घ्यावी. ती मिळाली नाही तर ऐकणे थांबवावे, असा तो नियम आहे. सीडीआरलाही हेच लावता येईल. बेपत्ता मुलीसाठी नोंदी रात्रीच मिळवाव्यात, आणि आठवड्याभरात दंडाधिकाऱ्यांसमोर त्याचे कारण ठेवावे. प्रामाणिक तपास अधिकाऱ्याला याचा अडथळा वाटण्याचे कारण नाही, आणि बायकोचा सीडीआर काढणाऱ्याला मात्र दंडाधिकाऱ्यांसमोर काय सांगायचे हा प्रश्न पडेल.

निरपराध सुटतो हेही बरोबर आहे. बचावासाठी सीडीआर मागवण्याचा आरोपीचा हक्क न्यायालयांनी मान्य केला आहे. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, जुलै २०२० मध्ये, तपासात एखादा सीडीआर जप्त झाला असेल तर त्या कालावधीच्या नोंदी कंपन्यांनी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवाव्यात असा निर्देश दिला गेला. म्हणजे नोंदी ठेवूच नयेत असे माझे म्हणणे नाही. त्यांना हात कोण लावतो आणि ज्याच्या नोंदी आहेत त्याला ते कळते की नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

उत्तर : रानजाई, बीड जिल्हा

मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे. आतापर्यंतच्या चर्चेत पाळत ही पोलीस आणि न्यायालयाशी जोडलेली आहे. आमच्याकडे ती पाकिटावर येते, म्हणजे गरोदर बाईला आणि तीन वर्षांखालच्या बाळाला मिळणाऱ्या घरपोच आहाराच्या पाकिटावर.

जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर ॲपमध्ये लाभार्थीचा चेहरा जुळल्याशिवाय पाकीट दिल्याची नोंद होत नाही. पहिल्यांदा आधारची ई-केवायसी करायची, त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर जातो. आमच्या भागात तो क्रमांक बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो, आणि नवरा उसाच्या फडावर असतो. सेविका फोन लावते, तो टोळीबरोबर तोडणीवर, फोन गाडीवर ठेवलेला. ओटीपीची वेळ निघून जाते. पुढच्या टप्प्यात बाईने फोनसमोर उभे राहून डोळ्यांची उघडझाप करायची. पदर पुढे ओढलेला, खोलीत उजेड कमी, मांडीवरचे बाळ फोनकडे झेपावते, आणि पडद्यावर ‘चेहरा जुळला नाही’ असे येते. ती बाई सेविकेच्या समोर उभी आहे, सेविका तिला लग्न होऊन आल्यापासून ओळखते, तरी ती तीच आहे हे यंत्र मान्य करीत नाही. चोरी थांबावी हा हेतू मला मान्य आहे; पाकिटे परस्पर विकली जात असतील तर ती थांबलीच पाहिजेत. परंतु ज्या बाईला तिच्या चेहऱ्याचे पुढे काय होते हे कोणी सांगितलेले नाही, आणि ‘नको’ म्हटले तर बाळाचा आहार जातो, तिच्या संमतीला मी संमती म्हणू शकत नाही.

दुसरे उदाहरण लाडकी बहीण योजनेचे आहे. घरात चारचाकी असेल तर महिला अपात्र, असा निकष आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहन विभागाकडच्या वाहन नोंदणीच्या याद्या महिला व बालविकास विभागाकडे आल्या आणि सेविकांना दारोदार पाठवून गाडी आहे की नाही हे पाहायला सांगितले गेले. सरकारचा पैसा पात्र व्यक्तीलाच जावा, हे योग्यच आहे. परंतु गाडीची नोंदणी करताना दिलेली माहिती दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या कामासाठी गेली, आणि ती पडताळायला ज्या सेविकेकडे ती बाई आपले गरोदरपण, आपली मारहाण, आपली उपासमार विश्वासाने सांगते तिलाच पाठवले गेले. त्यानंतर काही घरांत सेविकेला पूर्वीसारखे बसायला सांगेनात. कमी वजनाचे बाळ आहे हे आम्हाला आई सांगते म्हणून वेळेत कळते. ती सांगेनाशी झाली तर ते कोणत्या ॲपमध्ये दिसणार आहे?

सेविकांवरचीही पाळत सांगते. केंद्र किती वाजता उघडले, किती गृहभेटी झाल्या, हे सारे ॲपवर दिसते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, ते आपल्याला आठवत असेल. फोन निकृष्ट होते आणि ॲप इंग्रजीत होते, ही तेव्हाची मुख्य तक्रार होती. नागपूर महापालिकेने तर सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर गेले की त्याचा परिणाम हजेरीवर आणि पगारावर. शौचालय हद्दीबाहेर असेल तर बाईने काय करायचे, याचे उत्तर घड्याळात नसते. अशी घड्याळे आयुक्तांच्या किंवा सचिवांच्या हाताला बांधलेली मी कोठे वाचलेली नाहीत. पारिजातताई, तुमच्या बंधूंना ‘डर’ वाटत नाही याचे एक कारण हेही असू शकेल की, त्यांना सरकारकडे दर महिन्याला काही मागायला जावे लागत नाही.

पारिजात, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओसरी यांचा निर्दोष माणसाकडे उपाय नसल्याचा मुद्दा आणि रानजाईताईंनी लिहिलेले, ही दोन्ही मी बंधूंना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की सेविकेचा मुद्दा त्यांच्या डोक्यातच कधी आला नव्हता. पोलिसांबाबत त्यांचे मत बहुतांशी गस्त साहेबांसारखेच आहे आणि ते तसे राहील असे दिसते.

दोन व्यावहारिक प्रश्न उरले आहेत. फोन जप्त करायला कोणी आले तर काय पाहावे? आणि २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा या सगळ्यात काही उपयोग आहे का? आमच्या चौकात महापालिकेने नवे कॅमेरे लावले आहेत, त्यांबद्दल विचारणा करायची माझी इच्छा आहे.

उत्तर : ओसरी, नाशिक

जप्तीबद्दल आधी. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नव्या संहितेच्या कलम १०५ने आवश्यक केले आहे, तेव्हा ते होत आहे ना हे पाहा. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड यांची स्वतंत्र नोंद, फोन चालू होता की बंद, आणि तो कोणत्या पाकिटात कसा मोहोरबंद केला हे लिहून घ्या. शक्य असेल तर फोनमधील माहितीची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या माहितीवरून गणिताने निघणारा ठशासारखा संकेतांक, जागेवरच काढून पंचनाम्यात नमूद करण्याची विनंती करा, कारण नंतर त्या माहितीत एका अक्षराचा फरक झाला तरी हॅश बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रातही आता हॅश लिहावी लागते. पंचनाम्याची प्रत मागा. पासवर्ड तोंडी सांगण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने घेतली आहे. बोटाच्या ठशाबाबत १९६१चा मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड हा सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांचा निकाल आहे. ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे तो म्हणतो. म्हणून फोन बोटाने उघडण्याऐवजी लांब पासकोडने उघडणे अधिक सुरक्षित आहे, एवढा व्यावहारिक सल्ला मी अशिलांना देतो.

जामिनाच्या अटींबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. आरोपीने गुगल मॅपवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसत ठेवावे, अशी अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात स्पष्ट केले आहे. खालच्या न्यायालयात अशी अट आजही सुचवली गेली तर हा निकाल दाखवावा.

डेटा संरक्षण कायद्याबद्दल मी फार आशा लावणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. खासगी कंपन्यांविरुद्ध त्याचा काही उपयोग होईल. परंतु कलम १७(२) प्रमाणे केंद्र सरकार देशाची सुरक्षा, सुव्यवस्था आदी कारणांसाठी आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून वगळू शकते. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि ‘वैयक्तिक माहिती’ नाकारण्याची मुभा पूर्वीपेक्षा रुंद केली. पूर्वी त्याच कलमात व्यापक जनहिताचा अपवाद लिहिलेला होता. नागरिकाच्या खासगीपणासाठी म्हणून केलेल्या कायद्याने नागरिकाचेच माहिती मागण्याचे साधन बोथट व्हावे, याचे मला मनापासून दुःख आहे. तुमच्या बाजूचा भक्कम आधार आजही सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७चा पुट्टस्वामी निकालच आहे. नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावर बंधन घालायचे तर कायदा हवा, उद्देश वैध हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, या कसोट्या सांगितल्या.

कॅमेऱ्यांसाठी माहितीचा अर्ज जरूर करा. त्यात कोणाची वैयक्तिक माहिती मागू नका, म्हणजे कलम ८(१)(ञ)चा आधार त्यांना घेता येणार नाही. कॅमेऱ्यांच्या निविदेची आणि कार्यादेशाची प्रत, चित्रीकरण किती दिवस ठेवले जाते, ते पाहण्याचा अधिकार कोणत्या पदांना आहे, चेहरा ओळखण्याचे सॉफ्टवेअर त्याला जोडले आहे का, आणि गेल्या वर्षभरात किती वेळा कोणत्या खात्यांना चित्रीकरण दिले, एवढे विचारा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून वाहनांचे क्रमांक टिपणाऱ्या कॅमेऱ्यांविषयी विचारायचे असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील दाखल करा. मसुदा येथे टाकलात तर मी तपासून देईन.